परड्यातल्या कोंबड्यांचे जंत: कोकणच्या पावसात काय करायचं, कधी आणि कसं

आठ-दहा गावठी कोंबड्या, एक खुराडं आणि घरामागचं परडं एवढ्यावर सुरुवात केली, की पहिल्या पावसाळ्यात एक प्रश्न हमखास पडतो. दाणे तेवढेच घालतोय, कोंबड्या खातायतही, मग वाळतायत का? अंडी निम्म्यावर येतात, तुरे फिके पडतात, पिल्लं वाढत नाहीत. शेजारी सांगतात, "जंत झालेत, औषध पाज." औषध पाजलं की महिनाभर बरं वाटतं आणि गणपतीपर्यंत पुन्हा तेच. यात दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो. जमीन तशीच ओली आणि घाण राहिलेली असते, किंवा मात्रा अंदाजाने दिलेली असते.

## 1. जंत येतात कुठून

सगळ्यात जास्त आढळतो तो मोठा गोल जंत. पांढरा, 5 ते 11 सेंटिमीटर लांब, शिजलेल्या शेवईसारखा. तो लहान आतड्यात राहतो आणि त्याची अंडी शिटेतून बाहेर पडतात. पडल्या पडल्या ती निरुपद्रवी असतात. ओल आणि ऊब मिळाली की साधारण 10 ते 20 दिवसांत आत अळी तयार होते, आणि असं अंडं टिपलं की कोंबडीला लागण होते. पोटात गेल्यावर पूर्ण जंत होऊन स्वतः अंडी घालायला त्याला 5 ते 8 आठवडे लागतात. पुढे जे काही सांगितलंय ते या दोन आकड्यांवर बेतलेलं आहे.

जून ते सप्टेंबर कोकणात ओलही असते आणि ऊबही. सावलीतल्या ओल्या मातीत ही अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. वर गांडुळं आहेतच. अंडी त्यांच्या पोटात जातात आणि पाऊस थांबल्यावर कोंबडी पहिली धावते ती गांडुळावर.

बाकीचे तीन थोडक्यात:

- बारीक जंत: सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे पांढरे दोरे. आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात, त्यांच्या टोकाला राहतात. कोंबडीला यांचा त्रास कमी, पण टर्कीला मारणाऱ्या रोगाचे जंतू यांच्या अंड्यांतून पसरतात. कोंबड्या आणि टर्की एका परड्यात ठेवू नका.
- केसासारखे जंत: इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना आतडं स्वच्छच वाटतं. संख्या वाढली की कोंबडी झपाट्याने वाळते.
- चपटे जंत: फितीसारखे, तुकड्यातुकड्यांचे. कोंबडीकडून कोंबडीकडे थेट जात नाहीत. मध्ये मुंगी, शेणातला भुंगेरा, घरमाशी किंवा गोगलगाय लागते. उकिरडा खुराड्याला लागून असेल तर हे पाहुणे ठरलेलेच.

## 2. जंतच आहेत ना, हे आधी बघा

छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंचं मांस भरलेलं असावं. हाड सुरीच्या पाठीसारखं हाताला लागलं तर कोंबडी वाळलेली आहे, मग पिसांमुळे ती कितीही गुबगुबीत दिसो. फिका तुरा, ढुंगणाजवळ चिकटलेली पिसं, खाली सोडलेले पंख आणि पातळ शिट ही लक्षणं जंतांची असू शकतात, पण दुसऱ्या आजारांतही दिसतात.

इथे हमखास होणाऱ्या तीन चुका:

रक्ताळ शिट. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण दिसली तर तो बहुधा कॉक्सिडिओसिस असतो. त्यावर जंताचं औषध काहीच करत नाही. त्याचं औषध वेगळं आणि ते त्याच दिवशी सुरू करावं लागतं.

वळवळणाऱ्या आळ्या. कालच्या शिटेत वळवळ दिसते ती बहुतेकदा माशीच्या आळ्यांची. जंत शोधायचे असतील तर पहाटे, कोंबड्या उतरायच्या आधी, आडव्या दांडीखालची ताजी शिट बघा. तिच्यावर कणीएवढे, हळूच हलणारे पांढरे दाणे दिसले तर ते चपट्या जंताचे तुकडे.

मान वाकडी, लंगडणं, एकदम मर. हे मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं, लक्षण असू शकतं. जंताच्या औषधात दिवस घालवू नका, पशुवैद्यकाला कळवा.

कोंबडी घरी कापली जात असेल तर सगळ्यात पक्की तपासणी तुमच्या हातात आहे. आतडी फेकू नका. तासाभरात पेट्यापासून ढुंगणापर्यंतचं आतडं कात्रीने उभं चिरा आणि पाणी घातलेल्या काळ्या लोखंडी तव्यात पसरा. काळ्यावर पांढरं लगेच उठून दिसतं. मोठे गोल जंत पाण्यात सुटे होतात. चपटे जंत एका टोकाने आतड्याला घट्ट धरून राहतात, ओढलं तर तुटतात. आतड्याच्या बाहेरून बारीक गाठी दिसल्या तर त्याही यांच्याच एका जातीच्या. शेवटच्या दोन पिशव्यांची टोकं विसरू नका, बारीक जंत तिथेच असतात. केसासारख्या जंतांसाठी आतड्याचा आतला भाग सुरीच्या बोथट बाजूने खरवडून पाण्यात सोडा, गढूळ पाणी दोन-तीनदा हलकेच ओतून टाका आणि तळाशी उरलेलं निरखा. नंतर तवा उकळत्या पाण्याने धुवा, आतडी खोल पुरा. कुत्र्यापुढे किंवा उकिरड्यावर टाकू नका.

## 3. शिट तपासायला न्या

कोंबडी कापायची नसेल तर हाच मार्ग. वेगवेगळ्या आठ-दहा जागची ताजी शिट चमचा-चमचा घेऊन झाकणाच्या डबीत भरा. त्यात चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची शिटही घ्या. दर आठ-दहा शिटांमागे अशी एखादी पडते आणि ती त्या शेवटच्या पिशव्यांतून येते. त्याच दिवशी नेता येत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आहे का, ते आधी विचारा. नसेल तर नमुना तालुक्याला किंवा जिल्ह्याला जातो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. जाताना एवढं लिहून न्या: पक्षी किती, वय किती, गावठी की वनराज-गिरिराजसारखे सुधारित, मागचं औषध कोणतं आणि कधी, लस कधी टोचली, किती मेले.

## 4. सामान

- डिजिटल वजनकाटा किंवा ताणकाटा, आणि कोंबडी बसेल अशी कापडी पिशवी
- सुई काढलेली 1 आणि 2 मिलीची सिरिंज
- पायात घालायच्या रंगीत प्लास्टिकच्या कड्या
- फावडं, खराटा, घमेलं, हातमोजे
- दोन दिवस शिट गोळा करायला जुनी ताडपत्री किंवा पोती
- वही

वही चैनीची वस्तू नाही. कोणत्या रंगाच्या कडीला किती मिली दिलं हे तिसऱ्या आठवड्यात कुणाच्याही लक्षात राहत नाही.

## 5. कोणत्या जंताला कोणतं औषध

पिपरेझिन फक्त मोठ्या गोल जंतावर, तेही पूर्ण वाढलेल्या. आतड्याच्या आवरणात दडलेल्या अळ्या वाचतात, म्हणून 2 ते 3 आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. पाण्यात विरघळतं. जंत फार झाले असतील तर सुरुवात याच्यापासून करणं बरं, कारण ते जंतांना लुळं पाडून बाहेर काढतं. जोरदार औषधाने एकाच वेळी मेलेल्या जंतांचा गुंता आतड्यात अडकून कोंबडी दगावू शकते.

अल्बेन्डाझोल गोल जंतांवर दर किलो वजनाला 10 मिलिग्रॅम. केसासारखे आणि चपटे जंत असतील तर 20 मिलिग्रॅम. खेड्यात सहज मिळतं ते हेच. बाटलीवर सहसा गुरं-शेळ्यांची मात्रा लिहिलेली असते, कोंबड्यांची नसते. म्हणून मात्रा पशुवैद्यकाकडून पक्की करून घ्या. उबवायला ठेवायच्या अंड्यांच्या काळात देऊ नका.

फेनबेन्डाझोल चांगलं, पण पिसं झडून नवी येत असताना टाळा; नवी पिसं वेडीवाकडी येतात.

प्राझिक्वांटेल खास चपट्या जंतांसाठी, दर किलोला 10 मिलिग्रॅम. कुत्र्याच्या गोळीचे अंदाजे तुकडे करून देऊ नका.

आयव्हरमेक्टिन सगळ्यावर चालतं असा समज आहे. चपट्या जंतांवर ते काहीच करत नाही आणि मोठ्या गोल जंतावर भरवशाचं नाही. उवा-पिसवांचा प्रश्न वेगळा.

## 6. वजन करा, मग मिली काढा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. अल्बेन्डाझोल 2.5 टक्क्यांचं मिळतं आणि 10 टक्क्यांचंही. 2.5 टक्के म्हणजे 1 मिलीत 25 मिलिग्रॅम, 10 टक्के म्हणजे 1 मिलीत 100 मिलिग्रॅम. दिसायला दोन्ही पांढरी. शेजाऱ्याने सांगितलेली मिली दुसऱ्या बाटलीतून दिली तर मात्रा चौपट होते. कोंबड्यांसाठी 2.5 टक्क्यांचीच घ्या, 10 टक्क्यांतलं 0.15 मिली सिरिंजवर नीट मोजताच येत नाही.

2.5 टक्क्यांच्या बाटलीतून, दर किलोला 10 मिलिग्रॅम या हिशेबाने:

- 400 ग्रॅमचं पिल्लू: 0.16 मिली
- 1 किलोची तलंग: 0.4 मिली
- 1.5 किलोची कोंबडी: 0.6 मिली
- 2 किलोचा कोंबडा: 0.8 मिली

20 मिलिग्रॅमची मात्रा ठरली तर दुप्पट. कमी मात्रा देऊन काटकसर करू नका. त्यातून वाचलेले जंत त्या औषधाला सरावतात आणि पुढच्या वर्षी पूर्ण मात्राही लागू पडत नाही.

## 7. पाजायचं कसं

पुस्तकात लिहिलेलं असतं, पाण्यातून द्या. पावसाळ्यात परड्यात सोडलेल्या कोंबड्यांना हे लागू पडत नाही. पागोळीखालचं डबकं, आळ्यातलं पाणी, न्हाणीचा पाट असं पाणी चहूकडे असताना कडवट औषधाच्या भांड्याकडे कोण बघतंय? शिवाय अल्बेन्डाझोल पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. पहिल्या दोन कोंबड्यांना नुसतं पाणी मिळतं आणि शेवटचीला साका.

एकेकीला पाजणं उत्तम. रात्री दांडीवर बसलेल्या असताना उचला, धावपळ होत नाही. बाटली नीट हलवा. कोंबडी काखेत धरा, पंख आवळलेले. चोच अंगठा-तर्जनीने किंचित उघडा आणि सिरिंज चोचीच्या कडेला टेकवून थेंब-थेंब सोडा, गिळू द्या, मग पुढचा थेंब. जिभेच्या मुळाशी मध्यभागी एक भोक उघडझाप करताना दिसतं, ती श्वासनलिका आहे. तिथे सरळ पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जातं आणि कोंबडी हातातच जाते.

गोळीतून देणंही सोपं. मोजलेलं औषध लिंबाएवढ्याहून लहान अशा भाताच्या किंवा भाकरीच्या गोळीत मुरवा आणि सकाळी उपाशीपोटी एकेकीला डालग्याखाली वेगळी ठेवून खाऊ घाला. कळपापुढे टाकलं तर दांडगा कोंबडा तिघींचं खातो.

पाण्यातूनच द्यायचं असेल, म्हणजे पिपरेझिनसारखं विरघळणारं, तर संध्याकाळी खुराड्यातलं पाणी काढा आणि सकाळी दार न उघडता औषधाचं पाणी ठेवा. मोठी कोंबडी दिवसाला साधारण 200 ते 250 मिली पाणी पिते. 10 कोंबड्यांची पूर्ण मात्रा अर्ध्या लिटरात घाला म्हणजे तीन-चार तासांत संपेल. संपेपर्यंत दार बंद.

कोणत्याही पद्धतीने दिलं तरी पुढचे 2 दिवस कोंबड्या खुराड्यातच ठेवा, खाली ताडपत्री. बाहेर पडणारे जंत अंड्यांनी भरलेले असतात. परड्यात सोडल्या तर पोटातलं सगळं जमिनीत पेरून याल. ही शिट जाळा किंवा हातभर खोल पुरा.

## 8. अंडी आणि रस्सा: दिवस मोजा

बाटलीवर अंड्यांसाठी, मांसासाठी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असेल तर तेच पाळा. लिहिलेलं नसेल तर औषध नियमांतल्या 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे अंड्यांसाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी किमान 28 दिवस. ती अंडी विकू नका, वाटूही नका.

आता हे आपल्या सणांशी जुळवायचं. कोकणात सोयीचा क्रम असा:

- मे अखेर, मृगाच्या आधी: पहिला डोस. जमीन कोरडी असते, साफ झालेली कोंबडी कोरड्या जमिनीवर उतरते.
- आषाढी एकादशीच्या सुमारास: दुसरा. गटारीला कापायचे कोंबडे आधीच कडी घालून वेगळे काढा आणि त्यांना औषध देऊ नका.
- श्रावणाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत: तिसरा, म्हणजे मागच्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी. श्रावणात सुरीला तशीही सुट्टी असते. गौरीच्या तिखट नैवेद्यापर्यंत 28 दिवस भरतात.
- दसऱ्यानंतर: आधी शिट तपासा. जंत निघाले तरच औषध.

पिल्लांचं गणित वेगळं. मोठ्या गोल जंताचा मार तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना जास्त. त्यांना सातव्या आठवड्यात पहिला डोस द्या. राणीखेतची आर-टू-बी लस आठव्या ते दहाव्या आठवड्यात टोचतात, त्याआधी आठवडाभर पोट साफ झालेलं हवं. जंतांनी पोखरलेल्या पिल्लाला ती लस झेपत नाही आणि नीट लागतही नाही.

## 9. जमीन, म्हणजे खरं काम

मोठ्या जंताचं अंडं पिकायला किमान दहा दिवस लागतात, म्हणून दर सात दिवसांनी खुराड्यातली शिट पूर्ण निघाली की अंडी पिकायच्या आत बाहेर जातात. पंधरा दिवसांनी काढली तर पिकलेली अंडी तुम्हीच फावड्याने पसरता.

खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच, चिऱ्यांवर. तळाला पोफळीच्या रिपा, दोन रिपांत बोटभर फट, म्हणजे शिट खाली पडते आणि कोंबडीला टोचता येत नाही. पिल्लांना ही फट मोठी होते, त्यांच्यासाठी जाळी. खालच्या जागेला कोंबड्या शिरणार नाहीत असं कुंपण हवंच, नाहीतर सगळा खटाटोप वाया. जमिनीवरचंच खुराडं असेल तर भाताचं तूस तीन इंच पसरा, रोज उकरा, ओलं झालेलं त्याच दिवशी काढा.

पावसात कोंबड्या कुठे उभ्या राहतात ते एकदा नीट बघा. पडवीच्या कडेला, पागोळीच्या ओळीत आणि खुराड्याच्या दारासमोरच्या चार-पाच फुटांत. दिवसभराची निम्मी शिट त्या पट्ट्यात पडते आणि वरून पाणी. सगळं परडं सुधारायला जाऊ नका, आधी हा पट्टा धरा. वरची दोन इंच माती खरवडून काढा, चार इंच वाळू किंवा बारीक खडी घाला, उतार बाहेरच्या बाजूला द्या. पुळणीच्या वाळूवर घर असेल तर नशीबवान आहात. लाल माती आणि खाजणाकाठच्या चिकट जमिनीवर हे करावंच लागतं.

फिनेल, डेटॉल, ब्लीचिंग यांनी जंतांची अंडी मरत नाहीत, कवच जाड असतं. उकळतं पाणी, आग आणि कडक ऊन यांनी मरतात. रिपांवर आणि दांड्यांवर चुलीवरचं उकळतं पाणी ओता. चुना जमीन कोरडी करायला चालतो, पण कळीचा ताजा चुना पाय भाजतो. तो पूर्ण विरून वाळल्याशिवाय कोंबड्या सोडू नका. एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे. तेव्हा खुराड्याभोवतीची माती उकरून उघडी टाका, वरच्या झापाही काढून ठेवा.

आणि शिट टाकायची कुठे? बरेच जण माडाच्या आळ्यात टाकतात. माडाला खत मिळतं खरं, पण आळं ओलं, सावलीतलं, गांडुळांनी भरलेलं, आणि कोंबड्या दिवसभर तिथेच उकरतात. जंतांना याहून चांगली जागा मुद्दाम केली तरी जमणार नाही. शिट पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात कुजवा, दर दोन आठवड्यांनी वर-खाली करा. ढीग आतून हात ठेववणार नाही इतका तापला पाहिजे. दोन-तीन महिन्यांनी आळ्यात घाला. गुरांचा उकिरडा खुराड्यापासून लांब, कारण चपट्या जंतांचे भुंगेरे आणि माश्या तिथेच. मुंग्यांचं वारूळ खुराड्याजवळ असेल तर उकळतं पाणी.

## 10. खाणं आणि घरगुती उपाय

नुसत्या कणीवर आणि भातावर वाढलेल्या कोंबडीला जंत जास्त बाधतात. जीवनसत्त्व 'अ' कमी पडलं की त्रास वाढतो, म्हणून शेवग्याचा पाला रोज मूठभर. प्रथिनांसाठी सुकवलेला जवळा कुटून घाला, पण खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको, अंड्याला वास येतो. खारवलेली मासळी मात्र अजिबात नको, जास्त मिठाने कोंबड्या मरतात.

लसूण, पपईच्या बिया, वावडिंग, कडुनिंब यांनी नुकसान नाही, पण भरलेलं पोट यांच्यावर सोडू नका. सुपारीचं तेवढं लक्षात ठेवा. सुपारीतलं अरेकोलिन पूर्वी कुत्र्यांच्या चपट्या जंतांवर वापरायचे हे खरं, मात्र कोंबडीला सुपारीची पूड अंदाजाने चारली तर जंतांआधी कोंबडी जाते.

## 11. नवीन कोंबडी आणली तर

आठवडा बाजारातून आणलेली कोंबडी थेट कळपात सोडणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. तीन आठवडे वेगळी ठेवा, शक्यतो घराच्या दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या दिवशी वजन करून औषध द्या, पुढच्या तीन दिवसांची शिट गोळा करून जाळा. डालग्याखाली ठेवत असाल तर डालगं फरशीवर किंवा ताडपत्रीवर ठेवा, उघड्या मातीवर नको. तिला दाणे घालायला जाताना आधी आपल्या कोंबड्यांचं करा, नंतर तिचं. आणि परतताना पायातल्या चपला धुवा, कारण ओल्या चिखलाबरोबर अंडी तळव्याला चिकटून येतात.